चित्र करून दे

"चित्र करून दे," म्हणतात सगळे.
फाइल पाठवली की फुटते.
माझा जुना फाँट दुसऱ्याच्या फोनवर गेला
की वेलांट्या सुटतात,
रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसतो,
देवीच्या नावाच्या जागी
दोन डॉलर, एक चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह.
मागे एका मुंजीच्या पत्रिकेत
बटू पोचला, मुहूर्त वाटेत सांडला.

तेव्हापासून मी अक्षरं गोठवते.
वर्डमधलं पान जसंच्या तसं जेपीजीत.
मग ते मोर्ल्याला न्या, मस्कतला न्या,
काना हलत नाही.

सोमवार होता. साखळीचा बाजार
दुकानाच्या पायरीपर्यंत आलेला,
अळसांद्यांची पोती, मिरचीची ठसक.
विशांत गावस वहीचं पान घेऊन आला:
काल्याच्या रात्रीचं नाटक, तीन अंकी, ऐतिहासिक.
राजा, सेनापती, दासी एक, दासी दोन.
ऑर्गन, तबला. रंगभूषा. नेपथ्य. प्रकाश.
वीज गेली तर जनरेटर कोणाचा, तेसुद्धा.
दासी दोन त्याची भाची.
"तिचं नाव जरा मोठं कर." केलं.
वीस रुपये.
तो पायरी उतरेस्तोवर
त्याच्या मेव्हण्याने मस्कतहून अंगठा पाठवला.

दुपारी, मी डबा उघडत होते,
सगूण माजीक आला.
फोन हातभर लांब धरलेला, चष्मा कपाळावर.
"म्हजें नांव खंय गो बाय?"

एकोणतीस वर्षं हा माणूस विंगेत.
मांडीवर वही, टॉर्चला लाल कागद.
राजा अडला की हा आधी बोलतो,
इतकं हळू
की पहिल्या रांगेला वाटतं, राजाने श्वास घेतला.

मी वहीचं पान पुन्हा पाहिलं.
चूक माझी नव्हती. पानावर तो नव्हताच.

वर्डमध्ये किती सोपं असतं:
कर्सर ठेवा, एंटर मारा,
ओळी सरकून जागा देतात,
वाळपईच्या बसमध्ये बायका देतात तशी.
चित्र सरकत नाही.
नेपथ्य आणि प्रकाश यांच्यामध्ये
केसाएवढी पांढरी फट दिसते,
पण ती फट नव्हे, तोही चित्राचाच भाग.

विशांतला फोन लावला.
"आरे देवा," म्हणाला, "राहिलाच की तो."
मग थोडं थांबून,
"पण आता गेलं ना सगळीकडे."

मी मूळ फाइल उघडली.
प्रॉम्प्टर: सगूण माजीक.
जनरेटरवाला ढकलला जाऊन दुसऱ्या पानावर पडला.
तेव्हा दासी दोनला तिच्या मूळ मापात आणलं,
एक ओळ सुटली, जनरेटर परत आला.
पुन्हा चित्र केलं. त्याला पाठवलं.

त्याने दोन बोटांनी आपलं नाव ताणलं,
आणखी ताणलं,
सगूणचा ग राखी चौकोनांचा झाला.
"फुटलं?"
"नाही हो. फार जवळून असंच दिसतं."
हळूहळू बोटं मिटली.
कुणाला पुढे पाठवतोय का, मी पाहत होते.
नाही पाठवलं. फोन खिशात ठेवला,
वीस रुपये काढले.
मी नको म्हणाले. तो ऐकेना. घेतले.

काल्याच्या रात्री मी गेले.
मंडपाच्या खांबावर कुणीतरी
पहिलंच चित्र छापून लावलेलं,
व्हॉट्सअॅपवरून उतरवलेलं, पुसट, कडा खाल्लेल्या.
भाचीचं नाव तेवढं लांबून वाचता येत होतं.

दुसऱ्या अंकात, दरबारात,
राजा अडला.
मी तिसऱ्या रांगेत होते.
शेजारची बाई म्हणाली,
"काय थांबतो गो, वाक्याआधी!"